पंचवीस गाडग्यांचा रहाट
(अर्थात, वाडीत बसून संगणक चालवणाऱ्या नवशिक्यांसाठी क्लिपबोर्डची मार्गदर्शिका)

साहित्य: विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक, एक. कीबोर्ड, एक (सी आणि व्ही ही अक्षरं पुसून गेली असली तरी हरकत नाही, जागा बोटांना पाठ असते). इन्व्हर्टर, असल्यास उत्तम. काका, एक. काका नसल्यास घरातलं कुठलंही वडीलधारं माणूस चालेल, फक्त ते ‘मला सगळं येतं’ म्हणणारं हवं. ‘मला काही येत नाही’ म्हणणारी माणसं पटकन शिकून मोकळी होतात आणि मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला काही कामच उरत नाही.

आमचे काका नागावला असतात. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आधी अक्षी, मग नागाव. नारळ-सुपारीची वाडी, वाडीत चार खोल्या आणि रस्त्याच्या कडेला पाटी: ‘घरगुती जेवण व राहण्याची उत्तम सोय’. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याचे पाहुणे, सोमवार ते शुक्रवार त्यांच्या चौकशा. चौकशा फोनवर यायच्या तोवर बरं होतं. आता त्या लेखी येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. खोली आहे का, एसी आहे का, समुद्र किती लांब, सुरमई थाळी केवढ्याला, मांडव्याहून कसं यायचं, कुत्रा आणला तर चालेल का. काका संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडून उजव्या हाताच्या तर्जनीने एकेकाला स्वतंत्र, सविस्तर आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून उत्तर लिहीत. सातव्या माणसापर्यंत पोहोचेस्तोवर पहिला माणूस दुसरीकडे खोली घेऊन समुद्रात डुंबूनही आलेला असे.

म्हणून मी त्यांना कॉपी-पेस्ट शिकवलं. पुढे जे जे झालं त्याला मीच जबाबदार, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

धडा पहिला: दुखणं कुठे आहे ते बघा

क्लिपबोर्ड म्हटलं की परीक्षेला नेलेलं चिमट्याचं पॅड डोळ्यांपुढे येतं. संगणकातला क्लिपबोर्ड तसा दिसत नाही. तो दिसतच नाही, आणि हेच त्याचं मुख्य दुखणं आहे. तुम्ही मजकूर निवडून कंट्रोल-सी दाबता तेव्हा पडद्यावर काहीही होत नाही. घंटा वाजत नाही, ‘मिळालं बरं का’ असं कोणी म्हणत नाही. त्यामुळे नवशिका कंट्रोल-सी चार वेळा दाबतो. जुना माणूसही दोनदा दाबतो, पण कोणी बघत नाही ना, ते आधी पाहून.

दुसरं दुखणं याहून मोठं. या क्लिपबोर्डला हात एकच. एक नारळ धरला असताना दुसरा दिलात तर तो पहिला खाली टाकतो, आणि टाकताना सांगत नाही.

एका बुधवारी काकांनी थाळ्यांचे दर कॉपी केले. तेवढ्यात त्यांना आठवलं की घरासमोरचं गटार तुंबल्याचा अर्ज एका कार्यालयाला पाठवायचा राहिलाय. अर्ज कॉपी केला, ईमेल उघडला, काहीतरी गोंधळ झाला, परत मागे आले. शेवटी डोंबिवलीच्या एका कुटुंबाने ‘जेवणात काय काय असतं?’ असं विचारलं होतं, त्यांना उत्तर गेलं: ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर गटारातील सांडपाणी रस्त्यावर येत असून डासांचा प्रादुर्भाव वाढला आहे.’ आणि कार्यालयाला गेली सुरमई थाळी, त्यात सोलकढी हवी तेवढी. कार्यालयाचं उत्तर त्याच दिवशी आलं. किती माणसांसाठी, असं विचारलं होतं.

हा एकहाती कारभार आला कुठून, हेही नवशिक्याने जाणून घ्यावं, म्हणजे राग योग्य दिशेला जातो. पूर्वी छापखान्यात मजकूर हलवायचा म्हणजे कात्रीने कापायचा आणि डिंकाने किंवा खळीने दुसरीकडे डकवायचा. (डकवणे हा आपला चांगला खळखळीत शब्द आहे. पेस्ट म्हटलं की काकूंना दात घासायची आठवण होते.) अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर जिप्सी नावाचा मजकूर-संपादक बनवला, त्यात ही कात्री-खळ पडद्यावर आणली. पुढे टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेला. तिथल्या लिसा आणि मॅकिंटॉशबरोबर झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची चार बटणं पूर्ववत करणं, कापणं, कॉपी करणं आणि डकवणं या कामांना लागली, ती आजतागायत. टेस्लर २०२० मध्ये वारला. त्या प्रयोगशाळेत तो रुजू झाला ते साल १९७३. त्याच साली मुंबईत जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं मला फार दिवस वाटत होतं.

धडा दुसरा: रहाट जुंपणे

आता मुद्द्याची क्रिया. कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरा आणि व्ही दाबा. कंट्रोल नव्हे, खिडकी. पहिल्यांदा दाबल्यावर एक छोटी चौकट उघडते आणि ‘इतिहास चालू करू का?’ या अर्थाचं विचारते. हो म्हणा. चौकट आली नाही तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात क्लिपबोर्ड, तिथे जाऊन चालू करा. विंडोजमध्ये ही सोय २०१८च्या ऑक्टोबरमधल्या सुधारणेबरोबर आली. म्हणजे तुमच्या संगणकात ती बहुधा कित्येक वर्षं आहे, आणि तुम्ही ते बटण फक्त चुकून दाबत होतात.

यापुढे जे जे कॉपी कराल ते एकाखाली एक साठत जाईल, सगळ्यांत नवीन सगळ्यांत वर. हवं त्यावर क्लिक केलं की ते डकवलं जातं. शेवटच्या पंचवीस गोष्टी राहतात. सव्विसावी आली की सगळ्यांत जुनी निघून जाते.

हे काकांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ‘कळलं’ म्हटलं, आणि त्यांचं ‘कळलं’ मला कळतं. मग मी त्यांना विहिरीपाशी नेलं.

आमच्या या अष्टागर पट्ट्यातल्या वाड्या पंप येण्याआधी रहाटावर भिजत. विहिरीवर लाकडी चाक, चाकावरून खाली पाण्यात सोडलेली दोराची माळ, माळेला ओळीने बांधलेली मातीची गाडगी. बैल गोल फिरतो, चाक फिरतं, भरलेलं गाडगं वर येऊन ओततं, उलटं होऊन पुन्हा खाली जातं. पाणी पाटाने सुपारीच्या आळ्यांत. काकांच्या लहानपणी आमच्या विहिरीवर रहाट होता. त्याच्या कुरकुरीवर झोप लागायची आणि कुरकुर थांबली की जाग यायची, असं ते सांगतात.

‘तर काका,’ मी म्हटलं, ‘समजा रहाटाला पंचवीस गाडगी आहेत.’

‘पंचवीस कशी असतील? विहिरीच्या खोलीवर असतं ते.’

‘समजा हो. तुम्ही कॉपी केलंत की एक गाडगं भरलं. खिडकी-व्ही दाबलंत की सगळी माळ समोर. हवं ते गाडगं ओता.’

काकांनी विचार केला. ‘ओतल्यावर रिकामं होतं?’

‘नाही. कितीही वेळा ओता, भरलेलंच.’

‘मग तो रहाट नव्हे,’ काका म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. ‘तसली विहीर आजोबांना मिळाली असती तर बैल विकून टाकला असता त्यांनी.’

नवशिक्यांनी इथे दोन तांत्रिक गोष्टी टिपून ठेवाव्यात. या माळेत मजकूर मावतो आणि चित्रं मावतात, पण प्रत्येक गाडग्याची मर्यादा चार एमबीची. आणि फोल्डरमधून अख्खी फाइल कॉपी केलीत तर ती डकवता येते, पण या यादीत दिसत नाही. खोल्यांच्या फोटोंच्या फाइली यादीत का नाहीत म्हणून काकांनी मला रात्री साडेदहाला फोन केला होता. तो फोन तुम्हाला करावा लागू नये एवढ्यासाठी हा परिच्छेद.

धडा तिसरा: पिन, आणि पिन कशाला करू नये

यादीतल्या प्रत्येक गोष्टीजवळ टाचणीचं चित्र असतं. ते दाबलं की ती गोष्ट पक्की. नवीन कितीही भर पडली तरी ती ढकलली जात नाही, संगणक बंद करून चालू केला तरी राहते, आणि ‘सगळं पुसा’ म्हटलं तरी पुसली जात नाही.

पिन करण्याची आमच्याकडची परंपरा जुनी आहे. नागावशेजारच्या अक्षीत एक शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जातो, काही अभ्यासकांचं वाचन वेगळं आहे. देवीच्या बोडणासाठी द्यायच्या धान्याची त्यावर नोंद आहे. आता हा मजकूर कुणाला वारंवार लागणार, कुणी बदलायला बघणार, म्हणून त्या काळच्या माणसांनी तो दगडावर टाचला. अशा दानाच्या शिळांवर चंद्र-सूर्य कोरत, म्हणजे ते असेतो हे राहो. आणि पुष्कळदा खाली गधेगाळ कोरत, म्हणजे हा मजकूर मोडेल त्याच्या घराण्याला चित्रासकट शिवी. विंडोजमध्ये ही दुसरी सोय अजून आलेली नाही.

काकांना पिन फार आवडली. त्यांनी पहिल्या दिवशी अकरा गोष्टी पिन केल्या. पत्ता, दर, मांडव्याहून येण्याचा मार्ग, ‘कुत्रा चालेल पण खाटेवर नको’, वगैरे. इथपर्यंत उत्तम. पण मग एका शनिवारी पाहुण्यांनी विचारलं की कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल. किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे, पूर्ण ओहोटीला वाळूतून पायी जाता येतं, एरवी नाही. त्या दिवशी द्वितीया होती. काकांनी छान उत्तर लिहिलं: ‘सकाळी आठच्या सुमारास जावे. पाणी उतरलेले असते. घोडागाडीची गरज नाही.’ पाहुणे गेले, आले, खूश झाले. काकांनी ते उत्तर पिन केलं.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या पाहुण्यांनी तेच विचारलं. काकांनी तेच गाडगं ओतलं.

समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाच्या हातून हे झालं, हे मी मुद्दाम सांगतो. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. आठवडाभरात ती इतकी सरकते की ओहोटीच्या जागी भरती येऊन बसते. द्वितीयेनंतरचा शनिवार नवमीचा. नवमीला पूर्ण भरती सकाळी पावणेसातच्या सुमाराला. पाहुणे आठ वाजता किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा किल्ला होता, पण मधे वाळू नव्हती, समुद्र होता. लहान मुलं, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, सगळी तयारी. त्यांनी परत गेल्यावर अभिप्राय लिहिला. जेवणाला पाच तारे, खोलीला पाच तारे, आणि खाली एक वाक्य: ‘समुद्राची वेळ चुकीची सांगितली जाते.’

काकांना हे वाक्य लागलं. समुद्राची वेळ चुकली असं आमच्या घराबद्दल आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

तेव्हा काय पिन करावं हे ठरवताना पुढील कसोटी लावा: ही गोष्ट चंद्रावर, पावसावर किंवा सरकारी तारखेवर अवलंबून आहे का? असेल तर टाचणीला हात लावू नका. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, भाऊच्या धक्क्याहून २०२० साली सुरू झालेली रो-रो तेवढी येते. म्हणजे मे महिन्यात पिन केलेला मार्ग जूनमध्ये माणसाला गेटवेवर छत्री घेऊन उभा करतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा ‘आज पहाटे उतरलेली सुरमई’ हे वाक्य त्या दोन महिन्यांत पिनमध्ये असणं म्हणजे सरळ थाप. पांढऱ्या कांद्याच्या माळा उन्हाळ्यात रस्तोरस्ती टांगलेल्या असतात. दिवाळीत कोणी मागितल्या आणि टाचणीने ‘हो, मिळतील’ म्हटलं, तर कांदा आणायला जायचं कुणी? माझं मत असं की पत्ता, खात्याचा क्रमांक आणि कुत्र्याची अट, यापलीकडे या किनाऱ्यावर पिन करण्यासारखं फार काही नाही. काकांना हे मत मान्य नाही.

धडा चौथा:

धडा पाचवा: लाईट गेल्यास

चौथा धडा चांगला झाला होता. लिहून, निवडून, कापून, दुसऱ्या पानावर डकवणार एवढ्यात लाईट गेली. तो गाडग्यात होता, पिन केलेला नव्हता.

विंडोजचा हा इतिहास संगणक पुन्हा सुरू झाला की रिकामा होतो, टाचलेलं तेवढं राहतं. पुण्याच्या माणसाला याचं महत्त्व एकदम कळणार नाही. आमच्याकडे पावसाची पहिली सर येण्याआधी, तिचा नुसता वारा सुटला की लाईट जाते. लॅपटॉप असेल तर ठीक, बॅटरीवर तगतो. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर दर सरीला माळ रिकामी. तेव्हा ढग भरून आले की जे हवं ते आधी एखाद्या फाइलमध्ये डकवून फाइल जतन करा. क्लिपबोर्ड ही ओसरी आहे. धान्य ओसरीवर ठेवत नाहीत.

हे सांगत असताना मी काकांना म्हटलं, पिन केलेलं मात्र वादळातही राहतं. ते जरा वेळ बोलले नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, सगळीकडच्या वाड्या झोपल्या. कित्येक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. सुपारी लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात, आणि आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारी गेल्या, काड्यांची पेटी सांडावी तशा.

‘वाडीतलं काय पिन केलेलं होतं आपण?’ काका म्हणाले. ‘विहीर राहिली तेवढी.’

धडा सहावा: त्याला विसरायला शिकवा

हा धडा विनोदी नाही, तेव्हा लक्ष देऊन वाचा.

जो यंत्रमाणूस तुमचं सगळं लक्षात ठेवतो तो सगळंच लक्षात ठेवतो. पासवर्ड कॉपी केलात, गाडग्यात गेला. ओटीपी, आधार क्रमांक, बँकेचं खातं, डॉक्टरांनी लिहिलेलं आजाराचं नाव, मुलीच्या स्थळाबद्दलचा खासगी मजकूर, सगळं एकाखाली एक, थाळीच्या दरांच्या शेजारी. ज्याच्या हाती संगणक त्याने खिडकी-व्ही दाबलं की काम झालं. पासवर्ड सांभाळणारे काही प्रोग्राम आपण कॉपी केलेल्या मजकुरावर ‘याची नोंद नको’ अशी खूण करतात. पण वहीतून बघून नोटपॅडमध्ये लिहिलेला आणि तिथून कॉपी केलेला पासवर्ड बिचारा उघडाच असतो.

अर्ज भरायला, सातबारा काढायला, परीक्षेचा फॉर्म भरायला आपण दुसऱ्याच्या संगणकावर बसतो. उठताना आपण चष्मा घेतो, मूळ कागद घेतो, सुटे पैसे मोजून घेतो. खिडकी-व्ही उघडून ‘क्लिअर ऑल’ कोणी करत नाही. करत जा. दुकानदार विचारेल काय करताय म्हणून. सांगा, झाडून घेतोय.

आणखी एक. या इतिहासाला सगळ्या यंत्रांवर एकसारखं ठेवण्याची सोय आहे. खात्यात शिरून ती चालू केली की एका संगणकावर कॉपी केलेलं दुसऱ्यावर मिळतं. सोय उत्तम. फक्त ती चालू करण्याआधी दुसऱ्या संगणकावर कोण बसतं याचा विचार करावा. काकांच्या दुसऱ्या संगणकावर त्यांची नात बसते. आजोबांनी वाढदिवसाला काय मागवलंय ते तिला आठ दिवस आधी कळलं.

चोरांनाही ही जागा ठाऊक आहे. क्रिप्टोचलनाचा पत्ता कॉपी केला की तो गुपचूप बदलून आपला पत्ता तिथे ठेवणारे घातक प्रोग्राम सापडलेले आहेत. वाडीत क्रिप्टो कोणी करत नाही, पण सवय म्हणून सांगतो: पैशाचा कुठलाही क्रमांक डकवल्यावर शेवटचे चार आकडे मूळ कागदाशी ताडून बघा. जुने कारकून नकलेवर सही करण्याआधी ‘अस्सल बरहुकूम’ आहे का ते बोट ठेवून वाचत. बोट ठेवायला अजून पैसे पडत नाहीत.

विसरण्याचा विषय निघालाच आहे तर: ‘अलिबागसे आया है क्या?’ हे वाक्य मुंबईने पिढ्यानपिढ्या एकमेकांकडून कॉपी करून आमच्यावर डकवलं. ते पुसून टाकावं म्हणून २०१९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. म्हणजे काही गोष्टी क्लिअर ऑलनेही जात नाहीत. बाकी मी अलिबागहूनच आलोय, आणि हे तुम्हाला शिकवतोय.

धडा सातवा: काकांचं जुनं पत्रक, आणि ‘हे काय आलं?’

काकांचं पहिलं माहितीपत्रक पंचवीसेक वर्षांपूर्वी अलिबागच्या एका डीटीपीवाल्याने श्रीलिपीत करून दिलं होतं. ती फाइल सापडली. काकांना आनंद. त्यांनी फाइल उघडली, ‘निसर्गरम्य परिसर’ हे शब्द निवडले, कंट्रोल-सी, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कंट्रोल-व्ही. पाहुण्यांना गेलं ते इंग्रजी अक्षरं, चौकटी, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांचं कालवण. पाहुण्यांनी विचारलं, हा वायफायचा पासवर्ड आहे का?

क्लिपबोर्डची यात चूक नाही. त्याने मिळालं ते दिलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तसंच कृतिदेवसारखे त्या काळचे फॉन्ट, यांची युक्ती अशी होती की संगणकाच्या पोटात अक्षर इंग्रजीचं राहायचं, पण त्या जागी चित्र मराठी अक्षराचं काढलेलं असायचं. फॉन्ट अंगावर आहे तोवर ‘नि’, फॉन्ट उतरला की आतलं इंग्रजी उघडं. डीटीपीवाल्याच्या आणि काकांच्या संगणकावर तो फॉन्ट होता. पाहुण्यांच्या मोबाइलवर नव्हता. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, तो कुठेही नेला तरी मराठीच राहतो. तुम्ही हा लेख वाचताय तो त्याच जिवावर.

उपाय दोन. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, त्यातून काढा आणि मग नीट वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरलेली असतात. किंवा सरळ पुन्हा टाइप करा. काकांनी पुन्हा टाइप केलं, तर्जनीने, चार दिवस. त्या चार दिवसांत पंचवीस वर्षांपूर्वीचे दर वाचून ते दोनदा उठून बाहेर गेले.

याच्या उलट अडचणही येते. इंटरनेटवरून काही उचललं की त्याचा रंग, आकार, निळ्या रेघा सगळं वऱ्हाड सोबत येतं. नुसता नवरा हवा असेल तर पुष्कळ प्रोग्राममध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही चालतं.

धडा आठवा: पंचवीस पुरत नसतील तर

थोडक्यात आटोपतो. डिट्टो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो इतिहास डिस्कवर लिहून ठेवतो, त्यामुळे लाईट गेली तरी राहतो आणि शोधताही येतो. कॉपीक्यू हा तसाच, तो लिनक्स आणि मॅकवरही चालतो. लिनक्सच्या केडीई पडद्यावर क्लिपर आधीपासूनच असतो. जुन्या पद्धतीच्या लिनक्सवर तर मजकूर नुसता निवडला तरी कॉपी होतो आणि माउसचं मधलं बटण दाबलं की डकवला जातो, हे कळल्यावर काकांनी ‘मग कंट्रोल-सी कशाला शोधलं?’ असं विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही. मॅकवाल्यांना घरचा इतिहास २०२५ च्या टाहो आवृत्तीपर्यंत नव्हताच. धडा सहावा या सगळ्यांना लागू, आणि डिट्टोला जास्त लागू, कारण तो विसरत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा

परवा दुपारी आम्ही उजळणीला बसलो होतो. काकांची यादी व्यवस्थित होती. त्यात तीनच पिना: पत्ता, खातं, कुत्रा. समुद्राचं उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. तेवढ्यात खोली क्रमांक दोनमधून निरोप आला: ‘काका, आज किल्ल्यात चालत कधी जाता येईल?’

काकांनी खिडकी-व्ही दाबलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. पुन्हा वर आले. इंटरनेटवर भरती-ओहोटीचं पान उघडायला घेतलं, ते गोल गोल फिरत राहिलं.

स्वयंपाकघरात भिंतीला खिळ्यावर कालनिर्णय आहे. त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला आहे, चिमट्यात दुधाचा हिशोब, गॅसची पावती, कुणाकुणाच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं. गॅस लागल्याची तारीख चौकटीतच पेन्सिलीने लिहिलेली. काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर करून तारीख बघितली.

‘त्रयोदशी आहे अहो. तेरा पाऊण पावणेदहा. पावणेदहाला भरती होऊन गेली.’ लहानपणी पाठ केलेली पाऊणकी, अजून चोख: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. ‘त्यात सहा तास घाला. चारच्या आसपास पाणी खाली असेल. तीनला निघा म्हणावं, आणि पाचच्या आत वाळूवर परत या. आणि येताना सहा अंडी.’

काकांनी उजव्या तर्जनीने सगळं टाइप केलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. अंडीही तशीच गेली. मग सवयीने तोच मजकूर निवडला आणि कंट्रोल-सी दाबलं, दोनदा.